फेस नसलेलं पाणी

भरउन्हात खेकडा बिळाबाहेर येऊन उताणा पडत नाही, हे आमच्या ओढ्याकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मला तर चांगलंच ठाऊक होतं. तरी मी ते खेकडे वेचले, पाटी भरून वेचले, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. आता सत्तरी उलटून गेली, गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. ती तेवढी विसरता आली असती तर बरं झालं असतं.

गाव आमचं श्रीगोंदा तालुक्यातलं, घोडनदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावरचं. सत्तर-एकाहत्तरचा सुमार. मी विशी ओलांडलेली आणि सासर सोडून आलेली. सासर पारनेरकडचं. नवऱ्यानं दुसरी आणली, तशी मी बोचकं काखेत मारून चालू पडले. लोक म्हणायचे, टाकलीय हिला. मी म्हणायची, टाकली नाही, मी निघून आले. हा फरक मी भेटेल त्याला, नको असला तरी ऐकवायची. परत आलेल्या लेकीची माहेरी काय किंमत असते ते सांगायला नको. आई येता-जाता सुस्कारे सोडायची. थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायची, तो चांगला होता, पण तो दिवसभर रानात.

घरात मला जागा दिली ती वहिनीनं. मी आले त्याच आठवड्यात तिनं आपल्या दोन बऱ्या लुगड्यांतलं एक माझ्या पुढ्यात टाकलं आणि म्हणाली, "वन्सं, हे तुमी नेसा. मला घट्ट होतंय." लुगडं कधी घट्ट होतं का? नऊवार लुगडं! मी हसले तर तीही हसली, आणि त्या दिवसापासून आमचं दोघींचं जमलं ते जमलंच. भाकरी मला थापायला लावायची आणि जेवताना दादाला सांगायची, "वन्संच्या हातची हाय, म्हणून फुगलीय." माझ्या तिखट जिभेला गावात सगळे बिचकायचे. तिला मात्र तिची मजा वाटायची.

तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या खेपेला दिवाळीनंतर मुलगी झाली. तिच्या माहेरी करणारं कुणी नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच. पोर जगली, पण एवढीशी, हातात धरली तर मनगटाला वजन कळू नये. आणि वहिनीला दूध येईना. पोर छातीला लागायची, ओढ-ओढ ओढायची आणि थकून रडायची. दहा दिवस झाले, बारा दिवस झाले. वहिनीचं तोंड उतरत चाललं. एकदा मला म्हणाली, "वन्सं, हीबी जाती का काय वो?" मी म्हणाले, "गप गं, अभद्र बोलू नको. मी हाय न्हवं." मोठ्या तोंडानं म्हणाले मी, मी हाय न्हवं.

आईनं अळीव दिले, शेपू दिली, बाजरीचा घाटा पाजला. काही उपयोग होईना. शेवटी आई म्हणाली, "खेकड्याचा रस्सा द्या तिला. सासूबाईनं मला त्योच दिला हुता." आमच्याकडं आजारातून उठलेल्याला, खोकला झालेल्याला, दूध न येणाऱ्या बाळंतिणीला हा रस्सा ठरलेला. ओढ्यातले लहान खेकडे आणायचे, नांग्या मोडून अख्खे उखळात कुटायचे, पाणी घालून फडक्यातून गाळायचं, आणि त्या पाण्याला बाजरीचं पीठ लावून लसूण-मिऱ्याचा रस्सा करायचा. काही काढून टाकायचं नाही, सगळा कस त्यात उतरला पाहिजे. आई माळकरी. तिला वासही चालायचा नाही, म्हणून हे सगळं परसात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भगुल्यात. रांधणारी अर्थात मी.

ओढा म्हणजे आमचं दुसरं कोठारच होतं. पाऊस उघडला की आम्ही बायका जुनं पातळ दोन टोकांना धरून पाण्यात शिरायचो. गवताच्या मुळाशी पाय हलवले की झिंगे टणाटण उडायचे, काचेसारखे, आरपार दिसणारे. चार खेपांत भाकरीबरोबरच्या कोरड्यासाची सोय. खेकडा काढायचा तर संध्याकाळ धरून जायचं, बिळात काडी घालून त्याला राग आणायचा. तो नांगीनं काडी धरतो आणि सोडत नाही. माझ्यासारखाच, दादा म्हणायचा.

थंडीत, पाणी उतरलं आणि डोह तेवढे राहिले की हिंगण घालायचा बेत व्हायचा. हिंगणाची फळं ठेचायची, पोत्यात भरायची आणि ते पोतं डोहात बडवत बसायचं. पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस धरतो. घटकाभरात मासे गुंगतात आणि पोट वर करून तरंगायला लागतात. ते बिनघोर खायचे. हिंगणाची गुंगी माशाला चढते, माणसाला बाधत नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेत लोकांनी. ओढ्यात काही तरंगताना दिसलं की वरच्या अंगाला कुणीतरी हिंगण घातलंय, असंच आम्ही समजायचो. दुसरं काही असू शकतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

आणि दुसरं काही तर त्या दोन-तीन वर्षांत आलंच होतं. ऊस वाढला, तसा उसाला खोडकिडा लागला, आणि खोडकिड्यावर औषध आलं. त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. पण नाव कोण घेतंय, सगळे औषधच म्हणायचे. दादा पाठीवर पंप बांधून फवारायचा. औषध कालवायला पाणी लागतं, म्हणून ओढ्याकाठी बसूनच कालवायचा, कधी काठीनं, कधी सरळ हातानं. काम झालं की पंप, डबा, बादली तिथंच वरच्या डोहात विसळायची. तोच नाही, सगळेच तसं करायचे. त्याच्या कपड्यांना असा उग्र वास यायचा की मी ते वेगळे धुवायची. धुवायची कुठं? त्याच ओढ्यात. किड्याचं औषध ते, किड्याला मारणार. खेकड्याचा आणि किड्याचा संबंध काय?

त्या सकाळी मी बाळंतिणीची धुणी घेऊन ओढ्यावर गेले आणि बघते तर काय, काठच्या वाळूवर झिंगेच झिंगे! पाण्याबाहेर येऊन पडलेले. काही गरगर फिरत होते, काही नुसते थरथरत होते. आणि खेकडे, तेही दहा-वीस नव्हे, कितीतरी, बिळाबाहेर उन्हात. काही उताणे पडून पाय झाडत होते. हात लावला तरी नांगी उगारेनात. गावातल्या तीन-चार बाया आधीच ओट्यात झिंगे भरत होत्या. एक म्हणाली, "वर कुनीतरी हिंगन घातलंय बघ." मला तर देव पावल्यागत झालं. काल संध्याकाळी तासभर काड्या घालून मला फक्त तीन खेकडे मिळाले होते, आणि आज हे असं अंगणात आल्यासारखं. मी धुणं तसंच टाकलं आणि पाटी रिकामी केली.

खालच्या बाजूला चाची बसली होती. चाची म्हणजे आमच्या शेजारच्या मुसलमान वस्तीतली म्हातारी. शेळ्या राखायची, आणि ओढ्यातलं तिच्याइतकं कुणाला कळायचं नाही. नवरा होता तोवर दोघं मिळून मासे धरून विकायची. ती काहीच वेचत नव्हती. पाण्याकडे बघत बसली होती. मला म्हणाली, "पोरी, ते टाकून दे."

"का म्हनून?"

"हिंगन घातलं तर पान्यावर फेस येतो. हितं फेस कुठं हाय? आन्‌ हिंगनानं मासा उताना होतो. खेकडा न्हाई होत, झिंगा न्हाई होत. म्या उभ्या जन्मात न्हाई बघितला. मासा तर अजून खाली फिरतोय बघ."

खरं होतं. पाण्यावर फेस नव्हता. आणि डोहात मासोळ्या पळत होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या. तेव्हा ऐकायचं की नाही? पण माझा स्वभाव! कुणी नको म्हटलं की माझं डोकं फिरलंच. त्यात घरी ती पोर रडून रडून निळी होत होती. मी म्हणाले, "चाची, तुला आता शेळ्यांतलं कळतं, खेकड्यातलं ऱ्हाऊ दे. माझी वैनी बाळंतीन हाय, तिला पायजे." आजूबाजूच्या बाया फिदीफिदी हसल्या. चाची उठली, गुडघ्यावर हात टेकत शेळ्यांमागं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाळंतिनीला तर नकोच देऊ गं बाई."

मी मोजून मोठे मोठे निवडले.

परसात उखळ मांडलं. कुटताना खेकडे हलतही नव्हते, एरवी नांग्या मोडताना बोटं फुटायची. रस्सा मात्र असा झाला, असा दाट, की मला माझंच कौतुक वाटलं. मीठ बघायला बोट बुडवून चाटलं तेवढंच. दादा रानात भाकरी घेऊन गेलेला, आईला माळ. माझ्यासाठी मी वाटीभरही ठेवला नाही. तिचं तिला पुरलं पाहिजे, असं म्हणून सगळा तिला दिला. एवढी माया माझी.

वहिनी दोन वाट्या प्याली. तिसरी नको म्हणत होती. म्हणाली, "वन्सं, पोट तट्ट झालं." मी म्हणाले, "पी मुकाट्यानं. तुझ्यासाठी न्हाई, पोरीसाठी." पोरीसाठी म्हटल्यावर तिनं डोळे मिटून तिसरी वाटी संपवली आणि माझ्याकडे बघून ओठ पुसत हसली.

तासाभरात ती डोकं धरून बसली. मग ओकली. आई म्हणाली, पोट दुबळं झालंय, जड गेलं असंल. माझंही डोकं गरगरत होतं, मला वाटलं चुलीचा धूर. मग वहिनीच्या ओठाचा एक कोपरा उडायला लागला, बोटं वाकडी झाली, आणि एकदम सगळं अंग धनुष्यासारखं ताठलं. बाजेवरून खाली पडली. तोंडातून लाळ. मी तिला धरायला गेले तर तिच्या अंगात एवढं बळ की मला फेकून दिली. ती बाई मांजरालाही जोरात हाकलायची नाही.

"बाळंतवात झाला गं!" आई ओरडली. शेजारणी धावून आल्या. कुणी कांदा हुंगवला, कुणी पळीनं दात उघडायला बघितलं, कुणी अंगारा लावला. मी पोरीला छातीशी धरून कोपऱ्यात उभी. कुणीतरी रानात सांगावा धाडला. दादा धावत आला. त्यानं तिला बघितलं, एक झटका येऊन गेला, दुसरा आला. आणि तो जागच्या जागी थांबला. मागल्या हंगामात त्याच्याबरोबर फवारणारा एक गडी वारं फिरल्यामुळं असाच बांधावर पडला होता, असेच झटके आलेले. तो त्यानं बघितला होता.

"काय खाल्लं हिनं?" त्यानं विचारलं.

"रस्सा," मी म्हणाले. "खेकड्याचा."

"खेकडं कुठलं?"

"वड्यातलं. सकाळी आपसूक बाहेर आल्तं..."

त्याचं तोंड मी बघितलं. देवा, तसं तोंड पुन्हा कुणाचं बघायची वेळ येऊ नये. आदल्या दिवशी संध्याकाळी नव्या लागणीला फवारून त्यानं पंप आणि उरलेलं औषध वरच्या डोहात ओतून विसळलं होतं. ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही. तो एवढंच म्हणाला, "गाडी जुपा."

घोडेगावच्या बाजारातून आणलेली नवी बैलजोडी होती, पळणारी. दादानं तिला गोधडीत गुंडाळून गाडीत घातली. मी पोरीला आईकडे दिलं आणि वहिनीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डांबरी सडक चार मैल. तिथं उसाचे ट्रक मिळतात, ट्रकनं तालुक्याला दवाखान्यात न्यायचं, असा बेत. वाटेत तिला दोनदा शुद्ध आली. एकदा विचारलं, "पोर कुठाय?" आईजवळ हाय म्हटलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "छाती भरून आल्यागत वाटतंय वन्सं." मी हात लावून बघितला. चोळी ओली झाली होती. दूध आलं होतं.

सडक दिसायला लागली तेव्हा उसाच्या गाड्यांची रांग चालली होती, उन्हं अजून होती. आणि माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. दादा बैल हाकतच होता. मी गोधडी तिच्या गळ्यापर्यंत ओढून घेतली. सडकेवर गाडी चढल्यावर त्यानं मागं वळून बघितलं आणि कासरा सोडून दिला.

गावानं ठरवलं, बाळंतवात. त्या सकाळी झिंगे नेलेल्या बायांच्या घरीही ओकाऱ्या झाल्या होत्या. डोकी गरगरली, एका म्हाताऱ्याची बोबडी वळली. पण त्यांनी झिंग्याची डोकी मोडून, धुऊन, घास-दोन घास खाल्लेले, ते उठले. म्हणाले, माल शिळा होता. अख्खा ओढा कुटून, गाळून, त्याचा कस काढून एका बाळंतिणीला पाजणारी मी एकटीच.

तिसऱ्या दिवशी चाची आली. पदराखाली गडवाभर शेळीचं दूध. दारात सगळ्या बाया बसलेल्या. मला वाटलं, आता ही सगळ्यांसमोर बोलणार, आणि बोलली तर बरंच, असंही वाटलं. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मग पोरीला मांडीवर घेतलं, कापसाची वात दुधात बुडवून तिच्या तोंडात धरली. सव्वा वर्ष रोज दूध आणलं तिनं. मेली तोवर एका शब्दानं कुणाजवळ बोलली नाही. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. ती संधीही तिनं मला दिली नाही.

ओढ्यात पुन्हा झिंगा दिसला नाही. आम्हाला आधी वाटलं, पुढच्या पावसाला येईल. मग बहात्तरचा दुष्काळ पडला, डोहसुद्धा तडकले. पाणी परत आलं तेव्हा मी पातळ घेऊन गेले होते, एकटीच. गवताच्या मुळाशी पाय हलवत तास काढला. शेवाळ आलं, चिखल आला, एक बेडकी आली. झिंगे खाणारे बगळेही मग यायचे बंद झाले. पुढं कितीतरी वर्षांनी शेतीखात्याचा एक साहेब गावात आला होता, त्याला मी विचारलं, साहेब, मासा जगला आणि खेकडा कसा मेला? तो म्हणाला, "आजी, खेकडा, झिंगा हे किड्यांच्याच भावकीतले. किड्याचं औषध त्यांना आधी लागतं. माशाची पाळी नंतर येते." एवढं सोपं होतं. चाचीला हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं पाण्याकडं बघून ओळखलं होतं.

दादानं फवारणी सोडली नाही. सोडणार कशी, खोडकिडा काय आमच्या घरात मयत झाली म्हणून थांबणार होता? पण पंप तो कधी ओढ्याला नेईना. लांब पडीक रानात खड्डा करून तिथं विसळायचा. आणि दुसरा कुणी ओढ्याकाठी डबा घेऊन दिसला की धावून जायचा. "अरे, माझी बायकू मेली! औषधानं मेली ती, वातानं न्हाई!" असं ओरडायचा. लोक हसायचे. म्हणायचे, बाई गेल्यापासून सरकलाय. तो घरी यायचा तोवर तो माणूस आपला डबा विसळून मोकळा झालेला असायचा. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. आई खूप मागं लागली. तो म्हणायचा, "एकीला मारलं तेवढं पुरं."

हे तो माझ्यासमोर म्हणायचा. रोज नाही, पण म्हणायचा. मी भाकरी थापत असायची. अख्ख्या गावाला तोंडावर ऐकवणारी मी, त्याला एवढं सांगू शकले नाही की दादा, मला सांगितलं होतं. नको म्हटलं होतं मला. फेस नाही हे दाखवलं होतं, आणि मी त्या म्हातारीला चारचौघांत हसण्यावारी नेलं. आधी वाटलं, सुतक संपू दे. मग वाटलं, पोरगी चालायला लागू दे. खरं सांगायचं तर भीती वाटायची. त्या घराखेरीज मला घर नव्हतं, आणि पोरगी मला आई म्हणायला लागली होती. तो मला हाकलेल, पोरगी काढून घेईल. स्वार्थच होता, दुसरं काय.

पोरगी मोठी झाली, लग्न होऊन गेली. आई कशानं गेली म्हणून तिनं एकदाच विचारलं. मी म्हणाले, बाळंतवातानं.

दादा गेला त्याच्या आठवडाभर आधीची गोष्ट. छातीत पाणी झालेलं, बाजेवरून उठवत नव्हतं. सकाळी मी त्याला चहा पाजत होते. त्यानं माझा हात धरला. "तायडे," म्हणाला, "माझ्या हातनं लई वंगाळ झालं. तिला बी मारलं, आन्‌ तुझ्या जीवाला बी घोर लावला. तुला वाटत असंल, आपुन शिजवलं. तसं मनात आनू नको. तुला काय ठावं हुतं? तू मायेनं केलंस. तुझा काय बी दोस न्हाई, व्हय ना?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांत पाणी, पण बघत होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी म्हणाले, "व्हय, दादा."